सत्तर लाखांचा मेंढा आणि नाकतोड्याची गुणसूत्रं

डिसेंबर २०२० मध्ये आटपाडी तालुक्यातल्या एका माडग्याळी मेंढ्याची बातमी देशभर छापून आली. त्याला सत्तर लाख रुपयांची मागणी आली होती आणि मालकाने ती नाकारून दीड कोटी सांगितले होते. शहरातल्या वाचकाला हा गमतीचा मजकूर वाटला असेल, पण माणदेशात असे आकडे कुणी केवळ हसण्यावारी नेत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस दगा देणार हे धरूनच चालायचं, त्यामुळे संसाराची भिस्त शेताइतकीच जनावरावर. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंडाची शिंगं, कातडी, चाल पारखणारी नजर पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली आहे. पैदाशीच्या नराला जे मोल मिळतं ते त्याच्या अंगावरच्या मांसाचं नसतं, त्याच्यापासून होणाऱ्या कोकरांचं असतं. मग तो कोकराला नेमकं देतो काय? ‘रक्त’ देतो, ‘अवलाद’ देतो, खाण तशी माती, ही आपली ठरलेली उत्तरं. या लेखाचं म्हणणं वेगळं आहे. नर आपले गुण देत नाही, आपल्या गुणसूत्रांपैकी निम्मी देतो. निम्मी म्हणजे मोजून निम्मी, त्यात चूक जवळजवळ होत नाही. पण कोणती निम्मी, हे प्रत्येक वेळी नव्याने आणि कुणाच्याही इच्छेविना ठरतं. हा काटेकोरपणा आणि हे नशीब एकाच यंत्रणेतून निघतात, आणि ती यंत्रणा माणसाने पहिल्यांदा नीट पाहिली ती मेंढीत नव्हे, नाकतोड्यात.

नाकतोडाच का, याला व्यवहारी कारणं आहेत. मेंढीच्या पेशीत ५४ गुणसूत्रं असतात आणि त्यांतली बरीचशी आकाराने इतकी सारखी की विशेष रंगवल्याशिवाय ती एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. नाकतोड्याची गुणसूत्रं थोडी आणि अवाढव्य. टोळाच्या एका प्रजातीचा जनुकसंच माणसाच्या दुपटीहून मोठा आहे, आणि तो भरला आहे अवघ्या २३ गुणसूत्रांत. शिवाय त्यांत लांब, मध्यम, आखूड अशी उतरती भाजणी असते, म्हणून एकेका जोडीवर नजर ठेवता येते. माणच्या माळावर रुईच्या झुडपांवर पिवळ्या-निळ्या रंगाचा जो देखणा नाकतोडा बसलेला असतो, त्याच्या नरात १९ आणि मादीत २० गुणसूत्रं असतात. ज्वारी फस्त करणारा दख्खनचा बिनपंखी नाकतोडाही त्याच कुळातला. तिसरी सोय सर्वांत मोठी. नाकतोड्याचं वृषण म्हणजे बारीक नळ्यांचा घोस असतो आणि एकेका नळीत पेशी वयानुसार ओळीने लागलेल्या असतात : एका टोकाला नुकत्या वाढू लागलेल्या, दुसऱ्या टोकाला तयार शुक्राणू. पावसाळा सरता सरता पकडलेल्या एका नराची एक नळी काचपट्टीवर रंगवून दाबली, की शुक्राणू घडण्याच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या एकाच वेळी दिसतात. इतर प्राण्यांत ज्यासाठी कितीतरी नमुने धुंडाळावे लागतील ते इथं एका नळीत उरकतं. म्हणूनच प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा विषय दाखवायचा तर नाकतोडा हा ठरलेला. आपल्याकडे एस. पी. रायचौधुरी आणि जी. के. मन्ना यांच्यासारख्या संशोधकांनी कोलकाता, वाराणसी, कल्याणी इथल्या विद्यापीठांत भारतीय नाकतोड्यांच्या गुणसूत्रांचा पाया घातला.

आता त्या नळीत काय दिसतं ते पाहू. शरीराची साधी पेशी दुभंगते तेव्हा गुणसूत्रांची प्रत निघते आणि दोन्ही पेशींना पूर्ण संच मिळतो. शुक्राणू किंवा अंडं घडवणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात प्रत एकदाच निघते, वाटणी मात्र दोनदा होते. त्यामुळे संच निम्म्यावर येतो. पहिल्या वाटणीआधी एक विलक्षण गोष्ट घडते. आईकडून आलेलं गुणसूत्र आणि त्याच्याच आकाराचं बापाकडून आलेलं गुणसूत्र, जी आजवर एकाच पेशीत असूनही परस्परांपासून अलिप्त राहिली होती, ती एकमेकांना शोधून पूर्ण लांबीभर चिकटतात. पुढे ती जाड आणि आखूड होत जातात, एकमेकांपासून सुटू पाहतात, पण काही ठिकाणी सुटत नाहीत. तिथे सांधे राहतात. एकच सांधा असेल तर जोडी फुलीसारखी दिसते, दोन असतील तर तिचं कडं होतं. मग या जोड्या पेशीच्या मधोमध येतात, दोन्ही टोकांकडून आलेले तंतू त्यांना धरतात आणि जोडीतलं एकेक गुणसूत्र एकेका टोकाला खेचलं जातं. दुसऱ्या वाटणीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती वेगळ्या होतात. एका पेशीचे चार शुक्राणू झाले. नर नाकतोड्यात या सगळ्या गर्दीत एक गुणसूत्र एकटं असतं, त्याला जोडीदारच नसतो. ते आधीपासून गडद रंगतं आणि पहिल्या वाटणीत अख्खंच्या अख्खं कुठल्या तरी एका टोकाला निघून जातं. हे एक्स गुणसूत्र. ते मिळालेल्या शुक्राणूपासून मादी होते, न मिळालेल्यापासून नर.

हे एकांडं गुणसूत्र लिंग ठरवत असावं हा अंदाज अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे क्लॅरेन्स मॅक्लंग यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला केला, फक्त तो उलटा केला. त्यांना वाटलं की ते मिळालं की नर होतो. मादीच्या पेशींतली मोजणी तेव्हा चुकलेली होती, आणि १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांनी इतर कीटकांवर काम करून ही गोष्ट मार्गी लावली. पण मॅक्लंग यांच्या हाताखाली वॉल्टर सटन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा शिकत होता, आणि त्याने शेतातलाच एक थोराड नाकतोडा अभ्यासाला घेतला. शास्त्रीय नाव ब्रॅकिस्टोला मॅग्ना. सटनने त्याच्या पेशींत अकरा जोड्या आणि एक एकांडं गुणसूत्र मोजलं आणि दाखवलं की पिढीमागून पिढी, पेशीमागून पेशी, तेच आकार त्याच क्रमाने परत येतात. म्हणजे गुणसूत्र ही पेशी दुभंगताना तात्पुरती गोळा होणारी गुठळी नाही, तिला स्वतःची ओळख आहे. मेंडेलचे विस्मरणात गेलेले आनुवंशिकतेचे नियम नुकतेच, १९०० मध्ये, पुन्हा उजेडात आले होते. मेंडेल म्हणत होता की प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात आणि अपत्याला त्यांतला एकच मिळतो. सटनने १९०२ आणि १९०३च्या निबंधांत म्हटलं की मेंडेलचे न दिसणारे घटक आणि नाकतोड्याची दिसणारी गुणसूत्रं हुबेहूब सारखी वागतात, तेव्हा घटक गुणसूत्रांवरच असले पाहिजेत. जर्मनीत थिओडोर बोव्हेरी समुद्री जीवांच्या अभ्यासातून याच निष्कर्षाकडे येत होता. सटन मात्र पुढे संशोधनात राहिला नाही. तेलविहिरींवर काम केलं, मग शल्यविशारद झाला आणि १९१६ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी आंत्रपुच्छाच्या विकाराने गेला. एवढ्या थोड्या वर्षांच्या कामावर इतकं मोठं देणं ठेवून जाणारी माणसं विज्ञानात फार नाहीत.

सटनच्या या मांडणीवर त्या काळच्या जाणत्यांनी घेतलेला आक्षेप रास्त होता. दोन गोष्टी सारख्या वागतात म्हणजे त्या एकच आहेत असं सिद्ध होत नाही. शिवाय त्यात एक नेमकी फट होती. जोडीतली दोन गुणसूत्रं दिसायला तंतोतंत सारखी, मग आईकडचं कोणतं आणि बापाकडचं कोणतं हे कळणार कसं? काहींचा कयास असा होता की आईकडची सगळी एका टोकाला आणि बापाकडची सगळी दुसऱ्या टोकाला जात असतील. तसं असतं तर प्रत्येक प्राण्याला दोनच तऱ्हांचे शुक्राणू झाले असते, एक आजीचा आणि एक आजोबाचा, आणि ‘हा अगदी आज्यावर गेला’ हे वाक्य शब्दशः खरं ठरलं असतं. मेंडेलचा दुसरा नियम, वेगवेगळे गुण परस्परांची पर्वा न करता वाटले जातात हा, मग टिकलाच नसता. सटनचं मत याविरुद्ध होतं, पण पुरावा त्याच्या हातात नव्हता. तो आणला एलिनॉर कॅरोथर्स यांनी, १९१३ मध्ये, आणि पुन्हा नाकतोड्यातूनच. काही नाकतोड्यांत त्यांना अशी एक जोडी सापडली की तिच्यातली दोन गुणसूत्रं विजोड होती, एक मोठं आणि एक लहान. वाटणीत कोण कुठे गेलं हे आता डोळ्यांनी दिसत होतं. आणि दिशा सांगायला ते एकांडं एक्स होतंच. कॅरोथर्स यांनी तीनशे पेशी मोजल्या : एक्स ज्या टोकाला गेलं त्याच टोकाला विजोड जोडीतलं मोठं गुणसूत्र जातं की लहान? एका बाजूला १५४ पेशी भरल्या, दुसऱ्या बाजूला १४६. नाणं उडवल्यावर जितका फरक पडतो तितकाच. दोन गुणसूत्रं एकमेकांची गाठ न ठेवता आपापल्या वाटेने जातात याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा. पुढे काही वर्षांतच फळमाशीवरच्या प्रयोगांनी, विशेषतः कॅल्व्हिन ब्रिजेस यांच्या १९१६च्या निबंधाने, घटक गुणसूत्रांवरच असतात ही बाब पक्की केली. पाठ्यपुस्तकांत माशीला मान मिळतो तो योग्यच आहे. पण नियमाचं दर्शन आधी नाकतोड्यात घडलं होतं.

एकदा प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे वाटली जाते हे मान्य केलं की आकडे भराभर वाढतात. जोड्या सात असतील तर दोनचा सातवा घात, म्हणजे १२८ तऱ्हा. आपली बाजरी सात जोड्यांची आहे. ज्वारी दहा जोड्यांची, तिच्या १,०२४. रुईवरच्या नाकतोड्याच्या नऊ जोड्या आणि एक्स असणं-नसणं धरलं तरी १,०२४च. मेंढीच्या सत्तावीस जोड्या, म्हणजे १३ कोटी ४२ लाखांच्या वर. एक मेंढा आयुष्यभरात जितकी कोकरं देईल त्यांतल्या कुठल्याही दोघांना त्याच्याकडून तोच संच मिळणं जवळजवळ अशक्य. आटपाडीच्या मेंढ्याची बोली करणारा या तेरा कोटींतल्या कुठल्या तरी शे-दोनशे चिठ्ठ्यांवर पैसे लावत असतो.

इथे जाणकार वाचक अडवेल. गुणसूत्रं सत्तावीस जोड्याच, आणि जनुकं तर वीस हजारांच्या घरात. गुणसूत्र अख्खं जात असेल तर त्यावरची शेकडो जनुकं कायमची एका गाठोड्यात बांधलेली राहतील. मग एका गाठोड्यातला चांगला गुण वाईट गुणापासून कधीच सुटणार नाही. याचं उत्तर त्या सांध्यांत आहे. बेल्जियमच्या यान्सेन्स यांनी १९०९ मध्ये सुचवलं होतं की सांधा म्हणजे आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र तुटून त्यांचे तुकडे आपसात बदलल्याची जागा. मात्र सूक्ष्मदर्शीखाली दिसणारी फुली ही नुसती एकावर एक पडलेली सावली नाही कशावरून, हा संशय बराच काळ रेंगाळला. तो मिटवणाऱ्या सर्वांत सुबक प्रयोगांपैकी एक १९७८ मध्ये टीज आणि जोन्स यांनी टोळावर केला. त्यांनी गुणसूत्राची एक प्रत फिकी आणि एक गडद रंगेल अशी व्यवस्था केली, आणि सांध्याच्या नेमक्या जागी फिका भाग संपून गडद भाग सुरू झालेला दिसला. अदलाबदल खरीच झाली होती. नाकतोड्यात आखूड जोडीला बहुधा एक सांधा असतो आणि लांब जोडीला दोन-तीन. तेव्हा गाठोडं सुटतं, पण एका पिढीत एक-दोन ठिकाणीच सुटतं. जवळजवळ असलेली जनुकं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र प्रवास करतात.

या सांध्याचं आणखी एक काम आहे आणि ते मला अदलाबदलीहूनही अधिक विचार करायला लावणारं वाटतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ब्रूस निकलस यांनी नाकतोड्याच्या जिवंत पेशींत काचेची अतिसूक्ष्म सुई घालून गुणसूत्रं हाताने हलवली. तंतू गुणसूत्रांना पकडतात तेव्हा पहिल्या झटक्यात चुकाही होतात, जोडीतल्या दोघांनाही एकाच टोकाचे तंतू लागतात. तसंच सोडलं तर एका शुक्राणूत एक गुणसूत्र जास्त आणि दुसऱ्यात कमी जाईल. पण चुकीची पकड टिकत नाही. ती सुटते, पुन्हा लागते, बरोबर लागेपर्यंत हे चालतं. बरोबर म्हणजे काय हे पेशीला कळतं कसं? निकलस आणि त्यांच्या सहकारी कॉख यांनी १९६९ मध्ये चुकीच्या पकडीतली जोडी सुईने उलट दिशेला ताणून धरली, आणि ती चुकीची पकड टिकून राहिली. ताण सोडला की ती पुन्हा सुटायची. उत्तर होतं ताण. दोन विरुद्ध टोकांचे तंतू जोडीला ओढतात आणि मधला सांधा तिला तुटू देत नाही, तेव्हाच ताण निर्माण होतो, आणि ताण असलेली पकडच पक्की होते. ही ओढ किती, तेही निकलस यांनी पुढे मोजलं. गुणसूत्राला पेशीतून सरकवायला जितका जोर पुरेल, त्याच्या हजारो पट जोर हे तंतू लावू शकतात. दोघांपैकी एकेक दोन्हीकडे जाईल याची एवढी चोख काळजी पेशी घेते, पण कोणतं कोणत्या टोकाला जाईल यावर लक्ष ठेवणारं तिथे काहीच नाही. तंतूची पहिली गाठ कुणाशी पडली, एवढ्यावर ते ठरतं. लेखाच्या सुरुवातीला म्हटलेला काटेकोरपणा आणि नशीब असे एकाच ठिकाणी राहतात. सांधा पडला नाही तर ताण नाही, आणि ताण नाही तर वाटणी चुकते. माणसात एकविसावं गुणसूत्र एक जास्त येऊन डाउन सिंड्रोम होतो, तो बहुतेक वेळा अशाच चुकलेल्या वाटणीतून.

नाकतोड्याच्या अंगातलं मेंढ्याला लावणं कितपत खरं, असं कुणी विचारील. तपशिलात फरक आहेत. मेंढ्यात एक्स एकटं नसतं, त्याला छोट्या वाय गुणसूत्राची जोड असते. सांध्यांची संख्या निराळी. पण जोडी जमणं, सांधा, ताण, दोन वाटण्या हा गाभा कांद्याच्या फुलापासून माणसापर्यंत तोच आढळला आहे. एक साम्य तर धनगराच्या थेट कामाचं आहे. नर नाकतोड्याला त्याचं एक्स आईकडूनच मिळतं, बाप देतच नाही, आणि मेंढ्याचंही तसंच. म्हणजे नावाजलेल्या मेंढ्याच्या मुलग्याला बापाकडून जितकं मिळतं त्याहून किंचित जास्त आईकडून मिळालेलं असतं. बाजारात चर्चा मात्र बापाची होते आणि मेंढी कळपात विसरली जाते.

याहून वजनदार हरकत खुद्द पारखी माणसाची आहे. तो म्हणेल, तुमचं नशीब राहू द्या, चांगल्या मेंढ्याची कोकरं चांगली निघतात हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. खरंच निघतात. उंची, वाढीचा वेग असे गुण एका जनुकावर नसतात, शेकडोंवर असतात. शेकडो चिठ्ठ्यांतून निम्म्या उचलल्या तर सरासरी बापाची छाप पडतेच, आणि अनेक कोकरांची सरासरी घेतली तर ती स्पष्ट दिसते. पण मोकळ्या पैदाशीच्या कळपात एकूण आनुवंशिक फरकापैकी जवळपास निम्मा फरक सख्ख्या भावंडांमध्येच सापडतो, आणि तो सगळा या वाटणीतून आलेला असतो. बाप कितीही मोलाचा असला तरी हा फरक पुसता येत नाही. त्यामुळे मेंढ्याची किंमत त्याच्या रूपावरून ठरवण्यापेक्षा त्याच्या वीस-पंचवीस कोकरांवरून ठरवणं शहाणपणाचं, आणि कोवळ्या नराला लाखोंची बोली लावणं हा शुद्ध जुगार. ज्या वाणात फार पिढ्या जवळच्या नात्यात पैदास झाली आहे तिथे जोडीतली दोन्ही गुणसूत्रं सारखी होत जातात आणि नशिबाला वाव कमी उरतो, हे मान्य. त्याची किंमत दुबळ्या पिढ्यांच्या रूपाने मोजावी लागते हेही तितकंच.

नियमाला अपवाद नाही असंही नाही, आणि तोही नाकतोड्यातच चांगला अभ्यासला गेला. ब्रिटनमधल्या एका नाकतोड्यात नेहमीच्या संचाखेरीज काही जादा गुणसूत्रं आढळतात, ज्यांच्यावाचून प्राण्याचं काही अडत नाही. गॉडफ्रे ह्यूइट यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की मादीच्या विभाजनात ही जादा गुणसूत्रं निम्म्याहून अधिक वेळा अंड्याच्या बाजूलाच जातात, टाकून दिल्या जाणाऱ्या बाजूला कमी. फुकटा पाहुणा असा वाटणीत लबाडी करतो. पण ही लबाडी ओळखू आली ती निम्मं-निम्मं हा हिशेब आधी पक्का असल्यामुळेच.

माणच्या शेजारी फलटणला याच हिशेबावर उभं राहिलेलं एक काम आहे. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोळ मेंढी आकाराने लहान, पण तिला जुळी-तिळी होतात, ती एका जनुकामुळे. ते मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर असतं आणि त्यातला नेमका बदल २००१ मध्ये शोधला गेला. निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळशी संकर करून ते दख्खनी मेंढीत आणलं आणि त्या वाणाला ‘नारी सुवर्णा’ नाव दिलं. पहिल्या संकरात निम्मी गुणसूत्रं गरोळची. पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर केला की पंचवीस टक्के, साडेबारा, सव्वासहा अशी ती घटत जातात. दर पिढीत निम्म्याच कोकरांत हवं ते जनुक उतरतं, म्हणून रक्त तपासून ती वेगळी काढावी लागतात. आणि त्या जनुकाच्या आसपासचा गरोळचा तुकडा मात्र, जवळ सांधा पडेपर्यंत, सोबत येतच राहतो. दोन्ही सहाव्या गुणसूत्रांवर ते जनुक असलेला मेंढा तयार झाला की तो प्रत्येक कोकराला ते देणारच, तिथे चिठ्ठी उरत नाही. उरलेल्या सव्वीस जोड्या त्याच्या प्रत्येक शुक्राणूत नव्याने वाटल्या जातात.